'रेग्युलर' म्हणजे नेमकी कुणाची?

मागच्या पावसाळ्यात आईच्या ऑपरेशनसाठी आम्ही चार दिवस एका मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात होतो. शहराचं आणि हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. हे दुखणं काही एकाच ठिकाणचं नाही, आणि डॉक्टर-नर्स मंडळींनी आईचं सगळं नीट केलं. मला लिहायचंय ते तळमजल्यावरच्या कॉफीबद्दल. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

पहिल्या रात्री आबा आयसीयूच्या बाहेर खुर्चीत बसून होते. वय ७६. उभं आयुष्य इचलकरंजीत मागावर गेलं, शेवटची वीस वर्षं जॉबर म्हणून. जागरण असलं की त्यांना कॉफी लागते, ही रात्रपाळीपासूनची सवय. पहाटे पाचच्या सुमारास मला डुलकी लागली, तेवढ्यात ते एकटेच खाली गेले. पूर्वी तिथे साधं कँटीन होतं म्हणे. आता चकचकीत कॅफे आहे, आणि त्या वेळी उघडं असलेलं तेवढंच.

"एक कॉफी दे बाळा."

"कौनसी अंकल?"

वर फलक. पंधरा-सोळा नावं, सगळी इंग्रजीत. आबा सातवी शिकलेले. इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचतात, तीही मागावर लिहिलेली. मागे तीन-चार माणसं उभी. आबा म्हणाले, "रेग्युलर दे."

आता बघा, आबांच्या भाषेत रेग्युलर म्हणजे रोजची. रेग्युलर गिऱ्हाईक, रेग्युलर कामगार, तशी रेग्युलर कॉफी. घरी होते ती, दूध-साखर घालून उकळलेली. त्या पोराच्या भाषेत रेग्युलर म्हणजे कपाचं माप, लहान कप. त्यानं विचारलं, "रेग्युलर में क्या? अमेरिकानो?" आबा म्हणाले, "हां, वही."

काळी, कडू, दूध नाही, साखर नाही. टॅक्स धरून २१० रुपये.

मी उठून खाली गेलो तर आबा कोपऱ्यात बसून ती कॉफी संपवत होते. म्हटलं, "आबा, परत का नाही दिली?" म्हणाले, "पैसे देऊन झाले होते. मागं माणसं उभी होती. त्या पोराला कशाला त्रास? औषध म्हणून प्यायलो."

दोन दिवस ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण 'रेग्युलर' या शब्दानं मलाही फसवलंय, पण परदेशात. आबा फसले ते आपल्या महाराष्ट्रात.

माझा धंदा बऱ्याच जणांना माहीत आहे. पंचवीस वर्षं शटललेस मागांची सर्व्हिस करतोय. या कामानं मला पुष्कळ फिरवलं. देश बघितले असं नाही म्हणणार, कारखाने बघितले. आणि कारखाना कुठलाही असो, सकाळी पहिल्यांदा भेट होते ती चहा-कॉफीशी.

पहिली वारी इटलीची, बेर्गामोजवळ माग बनवतात तिथे ट्रेनिंगला. कारखान्याशेजारी एक बार. बार म्हणजे आपल्याकडचा परमिट रूम समजू नका, तिकडे सकाळची कॉफी बारमध्येच पितात. मी ऐटीत म्हणालो, "वन रेग्युलर कॉफी." त्या माणसानं माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण टपरीवर कुणी 'एक सर्वसाधारण चहा द्या' म्हणालं तर बघू. सोबतचा फिटर पुढे झाला आणि म्हणाला, "उन काफ्फे." बस, एवढंच. इवल्याशा कपात दोन घोटांची जाड, कडक कॉफी आली. आपण जिला एस्प्रेसो म्हणतो ती. तिथे तिला वेगळं नाव घेऊन कुणी मागत नाही. कॉफी म्हणजे तीच. गड्यानं उभ्या उभ्या साखर घातली, दोन घोटांत संपवली, नाणी ठेवली आणि कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. दुधाची हवी म्हणून 'लात्ते' म्हणालो. तर नुसतं दूध आलं. इटालियन भाषेत लात्ते म्हणजे दूधच. आपल्याकडच्या फलकावर 'लाटे' म्हणून जे लिहितात, ते त्यांच्या देशात त्या अर्थानं चालतच नाही.

पण मला तिथली खरी गंमत कळली ती दराची. उभ्यानं प्यायलात तर एक दर, टेबलावर बसलात तर जास्त. आणि हे दोन्ही दर लिहून लावलेले. मागे इतिहास आहे. १९११ पासून तिथल्या नगरपालिकांना गरजेच्या वस्तूंचे कमाल भाव ठरवायचा अधिकार होता, आणि उभ्यानं प्यायची कॉफीही त्यात धरली जाई. म्हणजे साधी कॉफी ही पाव-पिठासारखी गरजेची गोष्ट मानली. आज दर बार ठरवतो, पण तो दिसेल असा लावावाच लागतो. २०२२ मध्ये फ्लॉरेन्समध्ये एका गिऱ्हाइकाला एका कॉफीचे दोन युरो लावले. त्यानं थेट नगर पोलिसांना बोलावलं. काउंटरवर दर नीट लावला नव्हता म्हणून बारला हजार युरोचा दंड झाला. दर जास्त घेतला म्हणून नाही, आधी दिसेल असा लावला नव्हता म्हणून. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग तुर्कस्तान. बुर्सा हे कापडाचं मोठं गाव, आपल्या इचलकरंजीचा श्रीमंत चुलतभाऊ म्हणा. तिथे दिवसभर चालतो तो चहाच, कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यात, बिनदुधाचा. पण पाहुणा आला की कॉफी. ती करताना बारीक पूड, पाणी आणि साखर एकाच लहान भांड्यात एकदम चढवतात, त्यामुळे साखर नंतर घालायची सोय नाही. म्हणून करणारा आधीच विचारतो. 'सादे' म्हणजे बिनसाखरेची, 'ओर्ता' म्हणजे मध्यम, 'शेकेर्ली' म्हणजे गोड. 'सादे' ऐकून मला तर गावची आठवण झाली, आपला 'साधा' आणि त्यांचा 'सादे' सारखेच ऐकू येतात. बरोबर पाण्याचा पेला. या कॉफीच्या रितीला युनेस्कोनं २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मला आवडलं ते वेगळंच. तिथेही प्रश्न विचारतात, पण तो 'गोड किती' एवढाच. याचं उत्तर द्यायला शाळा लागत नाही. माझी आजीसुद्धा देऊ शकली असती.

सिंगापूरला २००५ मध्ये कापडयंत्रांच्या प्रदर्शनाला गेलो. तिथली साधी कॉफी म्हणजे 'कोपी'. नुसतं कोपी म्हणालात की डब्यातलं घट्ट गोड दूध घातलेली येते. बिनदुधाची पण साखर घातलेली हवी तर 'कोपी ओ'. बिनसाखरेची हवी तर शेवटी 'कोसोंग' म्हणायचं, म्हणजे रिकामी. साखर कमी हवी तर 'सिउ दाई'. बर्फ घालून हवी तर 'पेंग'. शब्द काही मलय, काही चिनी बोलींतले. गोदीवरचा हमाल, दुकानदार, कारकून, वेगवेगळ्या मुलखांतून आलेली माणसं एका टपरीवर उभी राहिली आणि त्यांच्या बोलींतून ही भाषा तयार झाली. कुठल्या कंपनीनं छापून दिली नाही. पहिल्या दिवशी मी गोंधळलो. काउंटरवरच्या म्हाताऱ्यानं दोन मिनिटांत शिकवलं. चौथ्या दिवशी मी 'कोपी सिउ दाई' म्हणालो तर गडी खूश होऊन हसला. आता तिथल्या सरकारनं डिसेंबर २०२३ अखेरपासून ताज्या बनवलेल्या पेयांनाही साखरेप्रमाणे श्रेणी द्यायला लावली आहे. म्हणजे सरकार साखरेत लक्ष घालतं, पण 'कोपी' हे नाव लोकांचं ते लोकांचंच राहिलं.

माझी चुलतबहीण अमेरिकेत बोस्टनजवळ राहते. ती सांगते, तिकडे जुन्या दुकानांत 'रेग्युलर' म्हणालं की दूध किंवा मलई आणि साखर घालूनच कप हातात देतात. न्यूयॉर्कमध्येही जुन्या लोकांत तसंच. पण तीच बाई कॅलिफोर्नियात जाऊन 'रेग्युलर' म्हणाली तर तिला काळी कॉफी मिळाली, कारण तिकडे रेग्युलर म्हणजे 'कॅफिन न काढलेली'. आणि सीमा ओलांडून कॅनडात गेलात, तर टिम हॉर्टन्सच्या दुकानात रेग्युलर म्हणजे एक मलई, एक साखर. दोन-दोन हवी तर 'डबल-डबल' म्हणायचं. हा शब्द तिकडे इतका रुळला की कॅनडाच्या इंग्रजी शब्दकोशात गेला. एकच भाषा, शेजारी शेजारी देश, आणि एका शब्दाच्या तीन कॉफ्या!

लांब कशाला जायचं? आपल्या शेजारी कर्नाटकात जा. 'एक काफी' म्हणा, फिल्टरची कॉफी दुधासकट, फेस आलेली, वाटी-पेल्यात समोर येते. बेंगळुरूत दोघांत एक हवी तर 'बाय टू' म्हणायचं, एका कॉफीचे दोन पेले करून देतात, कुणी नाक मुरडत नाही. मुंबईत कटिंग म्हणजे अर्धा चहा, हे शाळकरी पोरालाही माहीत. आणि आपल्या इथे? कारखान्यांच्या गल्लीत टपरीवर उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशातून आलेला कामगार पहिल्याच दिवशी 'चाय' म्हणतो, आणि त्याला तोच चहा तेवढ्याच पैशांत मिळतो जो शेजारी उभ्या मालकाला मिळतो. 'कौनसी?' असं त्याला कुणी विचारत नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की एक गोष्ट स्पष्ट व्हावी. देशोदेशी साधी कॉफी वेगळी आहे. कुठे दोन घोट, कुठे पेलाभर, कुठे दूध, कुठे मलई, कुठे नुसती कडू. पण मी जिथे जिथे गेलो तिथे साधं नाव घेतलं की साधी वस्तू मिळते. तिथली माणसं रोज काय पितात ते ठरलेलं आहे, त्याला नाव आहे, आणि बहुधा तीच फलकावरची सगळ्यात स्वस्त वस्तू असते. परका माणूस पहिल्या दिवशी चुकतो, ते ठीक आहे. तो परका आहे. गावचा माणूस चुकत नाही.

आपल्या नव्या काउंटरांवर उलटं झालंय. गावचा माणूस चुकतो. कारण आपण रोज पितो ती कॉफी फलकावर नाहीच. तिला नावच ठेवलेलं नाही. इटलीची आहे, अमेरिकेच्या नावाची आहे, बर्फाची आहे, चॉकलेटची आहे. दूध-साखर घालून उकळलेली, लग्नघरात मध्यरात्री मिळते ती, जायफळाचा वास येणारी, उपासाला चालणारी कॉफी नाही. आणि 'रेग्युलर' हा जो एक शब्द आमच्या बापजाद्यांना कळत होता, तो घेऊन कपाच्या मापाला चिकटवून टाकला.

आता काही जण म्हणतील, खासगी कॅफे आहे, परवडत नसेल तर जाऊ नका. कबूल. हौसेनं जायच्या ठिकाणी कुणी काय विकावं, किती घ्यावं, त्यात माझं काही म्हणणं नाही. मी स्वतः पोरांना घेऊन जातो, मला ती फेसाची कॉफी आवडतेही. जागेचं भाडं, वीज, माणसांचे पगार, सगळं महाग आहे हेही कळतं. पण हॉस्पिटल, विमानतळ, मोठं रेल्वे स्टेशन ही हौसेची ठिकाणं नाहीत. तिथे माणूस अडकलेला असतो. पहाटे पाच वाजता आयसीयूखाली दुसरं दुकान नसतं. तिथे 'जाऊ नका' हे उत्तर होत नाही.

दुसरे म्हणतील, काउंटरवरच्या पोराची चूक. अजिबात नाही. ते पोर आपल्यातलंच कुणाचं तरी आहे. बारा-बारा तास उभं असतं. त्याला जे पाठ करायला दिलंय तेच ते म्हणतंय. त्याच्यावर चिडून मर्दुमकी गाजवू नका, कुणाचा व्हिडिओ काढून टाकू नका. तसलं काही या पोस्टखाली दिसलं तर मी काढून टाकणार.

प्रश्न नियमांचा आहे, आणि नियम करता येतात. तीन उदाहरणं देतो.

एक. दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी, हा कायदा आपल्याकडे आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही तो लागू झाला. सुप्रीम कोर्टानंही २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत देऊन पाट्या लावायला सांगितल्या. छान झालं. पण पाटी वाचून माणूस आत गेला की पुढे काय? पैसे तर आतल्या फलकावर लिहिलेल्या वस्तूचे द्यायचे असतात. बाहेर मराठी आणि आत कोडं, याला काय अर्थ आहे? २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले आपण. अभिजात भाषेत 'दुधाची कॉफी' असे दोन शब्द लिहायला काय हरकत आहे?

दोन. ज्या साखळी हॉटेलांच्या दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा आहेत, त्यांनी मेन्यूवर कॅलरी छापाव्यात असा केंद्राचा नियम आहे. म्हणजे अमेरिकानोत किती कॅलरी ते आबांना सांगायची सोय सरकारनं केली. ती कडू आणि बिनदुधाची असते हे सांगायची नाही. जे फलकावर आकडे छापू शकतात, ते एक ओळ मराठीही छापू शकतात.

तीन. विमानतळावरच्या महागाईबद्दल खूप ओरड झाली, तेव्हा डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर सरकारनं 'उडान यात्री कॅफे' सुरू केला. चहा १० रुपये, कॉफी २० रुपये. म्हणजे मनात आणलं तर विमानतळासारख्या जागेतही होतं. मग विमानानं जाणाऱ्याला वीस रुपयांत कॉफी, आणि हॉस्पिटलात रात्र काढणाऱ्या नातेवाइकाला दोनशे दहाला, हे कुठलं गणित?

माझं म्हणणं एवढंच आहे. जिथे माणसाला दुसरा पर्याय नसतो अशा ठिकाणी, विशेषतः हॉस्पिटलात, फलकावर पहिल्या ओळीत मराठीत दोन गोष्टी असाव्यात: साधा चहा आणि साधी दुधाची कॉफी. समोर टॅक्ससकट दर. बाकी पंधरा प्रकार खाली खुशाल असू देत, आमची ना नाही. आणि 'रेग्युलर'च्या जागी सरळ 'लहान कप' लिहा. इटलीत दर नीट लावला नाही म्हणून दंड होतो. आपल्याला दंड नको, एक ओळ हवी.

आपल्या भागातल्या हॉस्पिटलांच्या विश्वस्तांना, नगरसेवकांना, आमदारांना माझी विनंती आहे, कॅफेवाल्याशी जागेचा करार करताना ही एक अट घाला. याला बजेट लागत नाही, निधी लागत नाही. रंगवायला एक डबा रंग लागतो.

आणि आपण काय करायचं? पुढच्या वेळी अशा काउंटरवर गेलात तर शांतपणे मराठीत 'साधी दुधाची कॉफी' मागा. नाही म्हणाले तर सूचना वहीत लिहा, वही नसेल तर मागा. पाच जणांनी लिहिलं की मॅनेजरपर्यंत जातं. धंदा करणारा माणूस गिऱ्हाइकाचं ऐकतो, फक्त आपण बोलायला हवं. आबांसारखी माणसं बोलत नाहीत. त्यांना वाटतं, चूक आपलीच, आपल्याला कळलं नाही.

शेवटचं सांगतो. आई आता बरी आहे. महिन्यानं तपासणीला परत गेलो. निघताना बघतो तर आबांच्या पिशवीत थर्मास. घरून कॉफी करून घेतलेली, जायफळ घालून. म्हटलं, "आबा, तिथं मिळते की, मी आणून देतो." म्हणाले, "नको. मला तिथं मागता येत नाही."

पन्नास वर्षं ज्या माणसानं मागाच्या आवाजावरून कुठला धागा तुटला ते ओळखलं, तो माणूस म्हणतो, मला कॉफी मागता येत नाही!

हॉस्पिटलच्या दारात वॉचमननं पिशवी बघितली. बाहेरचं काही आत न्यायचं नाही असा तिथला बोर्ड.

"आजोबा, यात काय?"

"कॉफी."

"कसली?"

"साधी."

वॉचमन हसला. "जावा आत," म्हणाला. त्याला बरोबर कळलं.

पटलं तर पुढे पाठवा. आणि तुमच्या गावातल्या हॉस्पिटलात साधी कॉफी मिळते का, केवढ्याला मिळते, फलक कुठल्या भाषेत आहे, ते नक्की लिहा. यादी करू आणि योग्य ठिकाणी नेऊन देऊ.